वाडीतली ती जुनी टोचन गाडी

प्रश्न : भाऊ, आमच्या नागपूरला वाडीकडं मामाच्या गॅरेजमागं एक जुना टाटा मर्सिडीज उभा हाय, मागं हाताच्या हँडलची क्रेन, समोर तो तीन टोकांचा तारा. मामा म्हणते भंगारात देतो. मले ठेवायचा हाय. पागलपणा हाय का? आन् ही टोचन गाडी, म्हंजे बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारी, काढली कोणी?

उत्तर : पागलपणा आहेच, पण करा! तो मर्सिडीजचा तारा आधी सांभाळा, कारण जमशेदपूरच्या टाटाचा मर्सिडीजशी करार 1954 ते 1969 एवढाच होता, म्हणजे ट्रक त्याच काळातला असणार. टोचन गाडीचा बाप अर्नेस्ट होम्स, अमेरिकेत चॅटनूगाला गॅरेज होतं त्याचं, ओळखीच्या माणसाची गाडी नाल्यात उलटली, ती दोर लावून काढता काढता सगळ्यांचा दिवस गेला, मग 1916 मध्ये या भाऊनं 1913 च्या कॅडिलॅकवर तीन दांडे, कप्पी आणि साखळी बसवली. झालं काम.

आता तुमची क्रेन. वायररोपवर जुनं फडकं फिरवून बघा, तुटकी तार असली की धागा अडकतो, मग तो रोप सरळ फेकाच, आणि हुकाचं तोंड फाकलेलं असेल तर तोही. इंजिनाला लगेच सेल्फ मारू नका हं, डिझेल फवारणारे नोझल काढून आत थोडं ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी हातानं फिरवा.

कागदांचं मात्र अवघड आहे, 2021 चे व्हिंटेज नोंदणीचे नियम पन्नास वर्षांवरच्या दुचाकी आणि कारसाठी आहेत, ट्रक त्यात बसत नाही. मामाला तूर्तास चहा पाजा.