रत्नागिरीच्या दमट हवेत स्वस्त सौंदर्यप्रसाधने वापरून पाहावीत का?

अवश्य पाहावीत, कारण त्वचेला उपयोग होतो तो घटकांचा, वेष्टनाचा नव्हे. ग्लिसरीन किंवा नायसिनामाइड (ब-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) हे घटक स्वस्त डबीतही तेच काम करतात.

पहिला खर्च मात्र सनस्क्रीनवर करावा, असे माझे ठाम मत आहे. एसपीएफ (डबीवरचा ऊन-संरक्षणाचा आकडा) ३० सुमारे ९७ टक्के आणि एसपीएफ ५० सुमारे ९८ टक्के यूव्हीबी (त्वचा भाजणारे अतिनील) किरण अडवते, म्हणजे मोठ्या आकड्यासाठी दुप्पट पैसे मोजण्यापेक्षा सनस्क्रीन पुरेसे लावणे आणि भाट्ये किंवा मांडवीच्या किनाऱ्यावर उन्हात असताना दर दोन तासांनी पुन्हा लावणे अधिक महत्त्वाचे ठरते. आपल्याकडच्या घामट हवेत जड क्रीमपेक्षा जेल बरे वाटते. काजळ वॉटरप्रूफच घ्यावे. लिपस्टिक स्वस्त घेतली तरी चालते, रंग मनासारखा असला की झाले.

नवे क्रीम थेट चेहऱ्यावर लावू नये. कोपराच्या आतल्या बाजूला सात दिवस लावून पाहावे आणि खाज किंवा लाली आल्यास ते लगेच थांबवावे. बाजारातल्या सुट्या, बिनलेबलच्या ‘गोरे करणाऱ्या’ क्रीमना कृपया हात लावू नका, कारण अशा क्रीममध्ये पारा किंवा स्टिरॉइड आढळलेले आहे.