मुंबईहून जोधपूरला जातोय, हातात एकच दिवस आहे. मेहरानगड आणि उमेद भवन दोन्ही होतील का?

हो, दोन्ही होतात, फक्त वेळ सारखा वाटू नका: मेहरानगडाला निदान तीन तास द्या, उमेद भवनाला तासभर पुरतो. दोन्ही पाहिलेत म्हणून सांगतो. उमेद भवनाचा बराचसा भाग हॉटेल आणि राजघराण्याचं निवासस्थान आहे. आपल्याला संग्रहालय आणि जुन्या मोटारी तेवढ्या बघायला मिळतात. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून १९२९ साली हा राजवाडा बांधायला घेतला, एवढं मात्र लक्षात ठेवून बघा. मेहरानगडाची गोष्टच वेगळी. राव जोधाने १४५९ मध्ये पाया घातलेला हा किल्ला उभ्या कातळावर आहे. आत फूल महाल, मोती महाल, हत्तीवरचे हौदे, पालख्या, आणि तटावरून खाली पसरलेली निळी घरं! घाई करूच नका. वांद्रे टर्मिनसच्या सूर्यनगरी एक्सप्रेसने गेलात तर सकाळीच पोचता, सामान स्टेशनजवळ ठेवून थेट गडावर जा. सोबत आई-बाबा असतील तर वर जायला लिफ्ट आहे, पण उतरताना दगडी उतार बराच आहे. एप्रिल ते जूनमध्ये मात्र हा बेत नको; दुपारचं ऊन सोसवत नाही.