विचारलंत, तर मग उत्तर पाळा

रविवारी सकाळी मराठी शाळा आणि नेमकी त्याच वेळी फुटबॉलची मॅच. परदेशातल्या मराठी घरांत हा पेच कधी ना कधी पडतोच. ‘तूच ठरव,’ असं आपण मोठ्या मनाने म्हणतो, आणि पोराने मॅच म्हटलं की आपला चेहरा पडतो. ‘बघ हं, नीट विचार कर...’ झालं! पुढच्या वेळी ते पोर कसलाही विचार करणार नाही, फक्त तुमच्या चेहऱ्याकडे बघेल.

माझं मत सरळ आहे. जे मुलांवर सोपवायचं नाही, ते विचारूच नका. शाळा बुडवायची नाही असं तुमचं ठरलं असेल तर तसं सांगा. कुरकुर होईल, होऊ दे. आई ‘हो’ म्हणाली आणि संध्याकाळी बाबांनी मोडता घातला, असंही नको. आपसात आधी बोलून घ्या.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तीन ते पाच वर्षांची २८ मुलं होती. निम्म्यांना ‘छान रंग आणते’ असं सांगून ते आणलेच नाहीत. बाकीच्यांना कबूल केल्याप्रमाणे आणून दिले. मग प्रत्येकापुढे एक मार्शमेलो, म्हणजे मऊ गोड खाऊ, ठेवला आणि न खाता थांबलास तर आणखी एक मिळेल, असं सांगितलं. शब्द पाळलेला पाहणारी मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, फसलेली जेमतेम ३. आपण या मुलांना उतावळी म्हणून मोकळे होतो. खरं तर त्यांनी समोरच्या माणसाचा अंदाज अगदी बरोबर बांधला होता.

लहानपणी दोनच पर्याय द्या, दोन्ही तुम्हाला चालतील असे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला खाऊचे पैसे आणि सुट्टीचा दिवस सांभाळू द्या. पैसे आठवडा संपायच्या आत उडाले तर वरून भर घालू नका, आणि ‘मी म्हटलं नव्हतं?’ हेही गिळा.

विषय निवडायची वेळ आली की मात्र सांभाळून. तिथली शिक्षणपद्धत पोरांना आपल्यापेक्षा जास्त कळते, म्हणून बरेच पालक ‘तुलाच माहीत’ म्हणून हात झटकतात. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी ए-लेव्हलला, म्हणजे विद्यापीठाआधीच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला, बहुतेक मुलं तीनच विषय ठेवतात. तिथे गणित सुटलं, तर इंजिनिअरिंगची वाट जवळपास बंदच होते. मुलाबरोबर शाळेत जा आणि शिक्षकांना एकच गोष्ट खोदून विचारा: हे सोडलं तर पुढे काय काय बंद होतं, आणि वर्षभराने मन बदललं तर परत फिरता येतं का? परत फिरता येत असेल तर पोराला खुशाल ठरवू द्या. नसेल, तर घाई न करता दोन-चारदा बसून बोला, आणि तुमची काळजी काय आहे तेही उघड सांगा.