मापं दुप्पट, घनफळ किती पट?

प्रश्न : गच्चीवर आतून एक मीटर लांब, रुंद आणि उंच अशी पाण्याची टाकी आहे. दुप्पट पाणी मावावं म्हणून गवंडी तिन्ही मापं दुप्पट करा म्हणतात. करू का?

मुळीच नको. आताच्या टाकीत १ घनमीटर, म्हणजे १००० लिटर पाणी मावतं. तिन्ही मापं दुप्पट केलीत तर २ × २ × २ = ८ घनमीटर. नुसतं पाणीच ८ टन भरेल, भिंतींचं वजन वेगळं! स्लॅबच्या जिवावर बेतेल हे. दुप्पट पाण्यासाठी एकच माप दुप्पट करायचं, आणि तेही लांबी. उंची वाढवलीत तर तेवढ्याच जागेवर दुप्पट भार येतो. हे २ टनही स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारूनच चढवा. टाकी घनाकृतीच हवी असेल तर प्रत्येक बाजू २ च्या घनमुळाइतकी, सुमारे १.२६ मीटर घ्या. फक्त २६ सेंटीमीटर वाढवून पाणी दुप्पट होतं! नेमकी ही लांबी काढायला प्राचीन ग्रीक गणिती झटले होते. नुसत्या पट्टी-कंपासने ती काढताच येत नाही, हे १८३७ साली प्येर वाँत्सेल यांनी सिद्ध केलं.

प्रश्न : शाडूची एक फुटी गणेशमूर्ती आणि त्याच घडणीची दोन फुटी मूर्ती. वजन दुप्पट भरेल ना?

भरीव असेल तर आठपट. पोकळ असेल तर आधी जाडी विचारा. जाडीही दुप्पट असेल तर आठपटच. जाडी तेवढीच ठेवली तर साधारण चौपट, कारण पृष्ठफळ मापाच्या वर्गाने वाढतं. रंगही म्हणूनच चौपट लागतो. भरीव मूर्तीत खरी काळजी पायांची. वजन आठपट झालं, पण पायांचा छेद चौपटच झाला. म्हणजे पायांच्या प्रत्येक चौरस इंचावर दुप्पट दाब. मोठ्या प्राण्यांची हाडं प्रमाणाबाहेर जाड का लागतात, हे गॅलिलिओने १६३८ साली याच हिशेबाने सांगितलं होतं.

प्रश्न : दहावीत आहे. गोलाची त्रिज्या १० टक्के वाढली तर घनफळ ३० टक्के वाढेल का?

१.१ × १.१ × १.१ = १.३३१, म्हणून वाढ ३३.१ टक्के. आता हीच नवी त्रिज्या १० टक्के कमी करून बघ : ०.९ × ०.९ × ०.९ = ०.७२९, म्हणून १.३३१ × ०.७२९, म्हणजे सुमारे ०.९७. मूळ घनफळ परत मिळत नाही, जवळजवळ ३ टक्के कमीच भरतं.