ओळंबा, ठेका आणि उमेदवारी

निवडणुकीचा वास सुटला की माझ्याकडे दोन प्रकारची माणसं येतात. काहींना उभं राहायचं असतं, काहींना कुणाला तरी पाडायचं असतं. यंदा दोघांच्याही पत्रांत तेच ते आहे: बांधकामाच्या धंद्यातला माणूस पुढारी होऊ शकतो का, आणि झालाच तर त्याच्या धंद्याचं काय? मी सांगलीत वकिली करतो, बरीचशी स्थानिक संस्थांच्या निवडणुकीची. वडील गवंडी होते, त्यामुळे कोर्टाच्या आधी ओळंबा आणि गुण्या ओळखीचे झाले. आलेल्या पत्रांतली काही घेतो.

प्रश्न (पलूस तालुका): मी गवंडीकाम करतो. बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड आहे. कार्ड असलं की ग्रामपंचायतीचा अर्ज बाद होतो असं गावात म्हणतात. खरं का?

नाही. वय २१ पूर्ण हवं, मतदार यादीत नाव हवं आणि ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मधली कुठली अपात्रता नको. कार्डाचा काही संबंध नाही.

प्रश्न (कराड): मुलगा म्हणतो, थापी धरणारा माणूस फार तर सरपंच होतो, त्याच्या वर जात नाही. असं कुणी मोठं झालंय का?

हा माझ्या कायद्यातला प्रश्न नाही, पण आवडीचा आहे. रशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन बांधकामाचे इंजिनिअर. १९५५ साली पदवी घेऊन स्वेर्दलोव्स्कला कामावर गेले आणि थेट साहेब व्हायच्या आधी वर्षभरात बारा कामं हाताने शिकले: वीटकाम, सुतारकाम, गिलावा, रंग, काच बसवणं. आपल्याकडे कॉलेजातून निघालेल्या इंजिनिअरला माल कालवायला सांगून बघा. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५३ साली मार्टिन डर्किन या नळकाम करणाऱ्या कामगार पुढाऱ्याला मजूरमंत्री केलं. बाकीचं मंत्रिमंडळ इतकं श्रीमंत होतं की लोक ‘आठ लक्षाधीश आणि एक प्लंबर’ म्हणत. अलीकडचे मार्टी वॉल्श बांधकामावरचे मजूर, मग कामगार संघटनेत, मग बोस्टनचे महापौर आणि २०२१ मध्ये मजूरमंत्री. चर्चिल यांचं उलटं. ते आधी पुढारी होते, मग हौसेने आपल्या घराच्या आवारात विटा रचायला लागले आणि १९२८ साली बांधकाम कामगारांच्या संघटनेत नाव घालून मोकळे झाले. खऱ्या गवंड्यांना ते फारसं रुचलं नाही. पूर्व जर्मनीचे सत्ताधारी उलब्रिख्त सुतार होते आणि सत्तेवर त्यांच्यामागून आलेले होनेकर छपरं शाकारायला शिकत होते, शिक्षण अर्धवट सोडलं. १९६१ ची बर्लिनची भिंत उभी करण्याची सगळी व्यवस्था याच होनेकर यांनी पाहिली. तेव्हा मुलाला सांगा, वर जातात. वर जाऊन काय बांधतात ते बघावं लागतं.

प्रश्न (तासगाव तालुका): मी ग्रामपंचायत सदस्य आहे. गावातल्या गटारीचं काम माझ्या भावाच्या नावावर आहे. एक जण म्हणतो भाऊ ठेकेदार म्हणजे पद गेलं, दुसरा म्हणतो नाव भावाचं म्हणजे काही होत नाही. कुणाचं ऐकू?

दोघांचंही नको. हाच प्रश्न मला वर्षातून दहा वेळा येतो आणि दहाही वेळा आधी पारावर त्याचा निकाल लागलेला असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४ म्हणतं की पंचायतीच्या कामात किंवा ठेक्यात ज्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा अथवा हितसंबंध आहे, तो सदस्य राहू शकत नाही. यात ‘भाऊ’ हा शब्द नाही. नुसतं नातं म्हणजे हितसंबंध नव्हे. भाऊ वेगळा राहतो, त्याचा धंदा वेगळा, खातं वेगळं, तुमचा एक रुपया त्यात नाही, तर तुमचं पद भावामुळे जात नाही. पण ‘अप्रत्यक्ष’ हा शब्द तिथे शोभेला घातलेला नाही. २०१२ साली गोव्यातल्या एका पंचायत सदस्य बाईंचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ठेका नवऱ्याचा होता. गोव्याच्या कायद्यात नवरा-बायकोची मिळकत सामाईक धरतात, म्हणून नवऱ्याच्या ठेक्यात बाईंचाही हिस्सा धरला गेला आणि पद गेलं. आपल्याकडे मिळकतीचा तो नियम नाही, त्यामुळे तो निकाल जसाच्या तसा लावता येत नाही. पण न्यायालय कसं बघतं ते त्यातून कळतं. नाव कुणाचं यावर ते थांबत नाही, पैसा कुठून निघाला आणि कुठे पोचला ते बघतं.

आता प्रत्यक्षात माणसं कशी सापडतात ते सांगतो. एका सदस्याचं प्रकरण माझ्यासमोर आलं. करारनामा चुलत भावाचा, सही त्याची, सगळं चोख. समोरच्या वकिलाने सिमेंटच्या दुकानाची उधारीची वही काढली. कामाच्या तीन महिन्यांत पोती उचलल्याच्या नोंदीसमोर सह्या सदस्याच्या. खडी आणणारा ट्रॅक्टर सदस्याच्या बायकोच्या नावाचा. बिलाचा चेक भावाच्या खात्यात जमा झाला आणि चौथ्या दिवशी त्यातली बरीचशी रक्कम सदस्याच्या सोसायटीच्या कर्जखात्यात. झालेल्या कामाची मापं लिहितात त्या मोजमाप पुस्तकात त्याचं नाव कुठेच नव्हतं. त्याची गरजही पडली नाही. तो मला विचारत होता, ‘पण साहेब, नाव तर भावाचं होतं ना?’

तुमच्या बाबतीत तुम्ही कुठे सही केली, कुणाला उसने पैसे दिले, मिक्सर कुणाचा वापरला, एकत्र कुटुंबाची वाटणी झाली आहे का, हे मला पत्रावरून कळणार नाही. काम पुरं झालं, अनामत परत मिळाली म्हणजे सुटलो असंही समजू नका. सदस्य असताना हितसंबंध होता का, हा प्रश्न उरतोच. बँकेचं पासबुक, करारनामा आणि सातबारा घेऊन वकिलाकडे जा, आणि अर्ज भरायच्या आधी जा. ‘नाव दुसऱ्याचं टाक, बाकी मी बघतो’ असं सांगणारा कारकून अपात्रतेची नोटीस आल्यावर फोन उचलत नाही.

प्रश्न (सातारा): माझं सार्वजनिक बांधकाम विभागाचं रस्त्याचं काम पूर्ण झालं, बिल अडकलंय. विधानसभेला उभं राहता येईल का?

येईल, काम खरंच पूर्ण झालं असेल तर. आमदारकीचा नियम वेगळा: लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम ९-अ. राज्य सरकारशी चालू असलेला ठेका अपात्र करतो. पण तुम्ही तुमची बाजू पूर्ण केली आणि फक्त सरकारकडून पैसे यायचे राहिले, तर तेवढ्यावरून ठेका चालू आहे असं धरत नाहीत. ‘पूर्ण’ हे मात्र तुमच्या तोंडचं चालत नाही. काम पूर्ण झाल्याचा दाखला घ्या, दोषदायित्वाच्या मुदतीतली (काम झाल्यावर दोष निघाला तर ठेकेदाराने करायची) दुरुस्ती शिल्लक आहे का ते करारात तपासून घ्या. आणि शपथपत्रात व्यवसाय ‘शेती’ लिहून मोकळे होऊ नका. २०१८ पासून नमुना २६ मध्ये, म्हणजे याच शपथपत्रात, तुमचे, पत्नीचे आणि भागीदारी संस्थेचे सरकारी ठेके वेगळे लिहावे लागतात.

प्रश्न (खानापूर तालुका): आमच्याकडचे एक नेते मजूर सहकारी संस्थेचे सभासद आहेत. त्यांना आम्ही कधी घमेलं उचलताना पाहिलं नाही.

मीही पाहिलेलं नाही, पण पाहिलं नाही हा पुरावा होत नाही. मजूर संस्था अंगमेहनत करणाऱ्यांसाठी आहेत. त्यांना काम वाटपात राखीव वाटा मिळतो, आणि जिल्हा बँकेच्या निवडणुकीत त्यांचं मत लागतं. नेत्यांना अचानक मजूर व्हावंसं का वाटतं ते यात आलं. २०२२ च्या जानेवारीत मुंबईतल्या एका विधान परिषद सदस्याला सहकार खात्याने मजूर म्हणून अपात्र ठरवलं होतं. तुमची तक्रार असेल तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे कागदोपत्री करा. व्हॉट्सॲपवर फोटो फिरवून बदनामीची नोटीस ओढवून घेऊ नका.

प्रश्न (जत तालुका): एक कार्यकर्ता दोन हजार रुपये घेऊन बांधकाम कामगार कार्ड काढून देतोय. मी शेतकरी आहे. घेऊ का?

नको. कायद्यात अट स्पष्ट आहे: वय १८ ते ६० आणि गेल्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम. ते केलं नसेल तर ठेकेदाराचा खोटा दाखला लागतो, आणि त्याखालचा अर्जदार तुम्ही असता, कार्यकर्ता नव्हे. केलं असेल तर दोन हजार कशाला? नोंदणीची फी नाममात्र असते. या मंडळाचा पैसा बांधकामाच्या खर्चावरच्या १ टक्का उपकरातून येतो, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या माणसासाठी. माझ्या वडिलांच्या काळी त्यांना हे मिळालं नाही, म्हणून मला याचा जास्त राग आहे, एवढं मान्य करतो.

प्रश्न (मिरज): नगरसेवक स्वतः बिल्डर आहे. त्याने एक मजला जास्त चढवलाय. काही होतं का?

होऊ शकतं. महानगरपालिका अधिनियमात नगरसेवकाने स्वतः, जोडीदाराने किंवा अवलंबून असलेल्याने बेकायदा बांधकाम केलं, किंवा पाडकाम करणाऱ्या अधिकाऱ्याला अडवलं, तर अपात्रतेची तरतूद आहे. आधी मंजूर नकाशाची प्रत माहिती अधिकारात काढा. रस्त्यावरून मजले मोजून प्रकरण उभं राहत नाही.

प्रश्न (वाळवा तालुका): ग्रामपंचायतीचा निकाल लागून पाच आठवडे झाले. निवडून आलेल्याचा ठेका चालू आहे. आता निवडणूक रद्द होईल का?

निवडणूक याचिकेची मुदत निकालापासून १५ दिवसांची होती. ती तुम्ही घरात बसून घालवली. अपात्रतेचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम १६ खाली अजून करता येतो, पण तो वेगळा रस्ता आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो. या आठवड्यात वकील गाठा. जाताना निकालाची तारीख आणि कार्यारंभ आदेशाची (ठेकेदाराला काम सुरू करायला सांगणाऱ्या पत्राची) प्रत घेऊन जा. ‘सगळ्या गावाला माहीत आहे’ हे सोबत न्यायची गरज नाही.