लिटर नंतर बघा, आधी कॉइल

चार माणसांच्या घराला गरम पाण्याची 300 लिटरची टाकी घ्यावी का, आणि आज गॅस बॉयलर असला तरी पुढे हीट पंप (बाहेरची उष्णता खेचून पाणी तापवणारं विजेचं यंत्र) लावला तर तीच टाकी चालेल का, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण निवड त्यावरच ठरते.

कॉइल म्हणजे टाकीच्या आतली वेटोळ्यांची नळी; तिच्यातून फिरणारं गरम पाणी टाकीतलं पाणी तापवतं. बॉयलरकडून कॉइलमध्ये 70-80 अंशांचं पाणी येतं, म्हणून एक चौरस मीटरच्या आसपासची कॉइलही भागवून नेते. हीट पंप मात्र 50-55 अंशांवर चालला तरच परवडतो. तापमानातला फरक कमी झाला की तेवढीच उष्णता उतरवायला पृष्ठभाग जास्त लागतो. साधारण तीन चौरस मीटर धरा. कॉइल लहान असेल तर पंपाकडे परतणारं पाणी गरमच राहतं, पंप सारखा चालू-बंद होतो आणि उरलेलं काम विजेच्या हीटरवर येतं. पुढे हीट पंप नक्की असेल, तर आजच मोठ्या कॉइलची टाकी घ्या. बॉयलरवरही तिच्यात पाणी लवकर तापेल.

आता लिटर. येणारं थंड पाणी 10 अंशांचं धरलं, तर 60 अंशांवरच्या 200 लिटरमधून आंघोळीचं 40 अंशांचं सुमारे 330 लिटर पाणी मिळतं. टाकी 50 अंशांवर ठेवली की तेच 265 वर येतं. म्हणून बॉयलरवर 200 पुरे, हीट पंपासाठी 250. मोठा टब रोज भरणार नसाल तर 300 मला जास्त वाटते. मात्र 50 अंशांवर ठेवणार असाल तर आठवड्यातून एकदा 60 पर्यंत तापवा. कोमट पाण्यात वाढून फुफ्फुसांचा आजार देणाऱ्या लेजिओनेला जिवाणूंचा प्रश्न आहे, इथे काटकसर नको.

टाकीच्या ऊर्जा-लेबलवर नुसतं श्रेणीचं अक्षर पाहू नका, शेजारचा वॅटचा आकडा वाचा; टाकीतून सतत किती उष्णता निसटते ते तो सांगतो. श्रेणी टाकीच्या आकारमानानुसार ठरते, त्यामुळे एकाच अक्षराच्या दोन टाक्यांची उष्णतेची गळती वेगळी असू शकते. 50 वॅट म्हणजे दिवसाला 1.2 युनिट, वर्षाला 438. 90 वॅटची घेतलीत तर वर्षाला 350 युनिट जास्त, तेही नळ न उघडता.

उंच, अरुंद टाकी मिळाली तर उत्तम. गरम पाणी वर टिकतं, खालच्या थंड पाण्यात कमी मिसळतं.

बसवून झाल्यावर तासभर कुणी पाणी वापरलं नसताना टाकीच्या माथ्यावरून निघणाऱ्या पाइपला जपून हात लावून पाहा. दोन-तीन फुटांवरही तो चटका देत असेल, तर उष्णता तिथून निसटतेय. पाइप टाकीतून निघाल्यावर थोडा खाली वळवून घ्यायला सांगा, आणि व्हॉल्व्हसकट सगळ्याला इन्सुलेशन चढवा.