सीलिंगमध्ये विचारात न घेतलेले बक्षीसपत्र रद्द ठरते का?

प्रश्न : आमच्या आजोबांनी १९७२ साली थोरल्या, सज्ञान मुलाला, म्हणजे माझ्या चुलत्यांना, १४ एकर जिरायत जमीन नोंदणीकृत बक्षीसपत्राने दिली. पुढे सीलिंगच्या, म्हणजे जमीन धारणेच्या कमाल मर्यादेच्या, चौकशीत ते बक्षीसपत्र बाजूला ठेवून आजोबांचे क्षेत्र ६२ एकर धरण्यात आले आणि ८ एकर जमीन अतिरिक्त ठरली. ती सगळी आजोबांकडे उरलेल्या क्षेत्रातून गेली. चुलत्यांच्या जमिनीला धक्का लागला नाही. आता चुलतभाऊ ती विकायला निघाले आहेत. बक्षीसपत्र सरकारनेच अमान्य केले असेल, तर त्या जमिनीत आमचा हिस्सा निघतो का?

उत्तर : केवळ सीलिंगच्या निर्णयाच्या आधारावर निघत नाही. महाराष्ट्र शेतजमीन (जमीन धारणेची कमाल मर्यादा) अधिनियम, १९६१ यात दुरुस्ती होऊन २ ऑक्टोबर १९७५ पासून जिरायत जमिनीची मर्यादा ५४ एकरांवर आली. मर्यादा खाली येणार याची कुणकुण आधीच लागल्याने अनेकांनी जमिनी मुलांच्या, भावांच्या नावे केल्या होत्या. म्हणून २६ सप्टेंबर १९७० नंतर आणि २ ऑक्टोबर १९७५ पूर्वी झालेले हस्तांतरण, उलट सिद्ध न झाल्यास, कायदा चुकवण्यासाठीच केले असे कलम १० नुसार गृहीत धरले जाते. मात्र त्याचा परिणाम एवढाच, की दिलेली जमीन देणाऱ्याच्या खात्यात मोजली जाते. अतिरिक्त क्षेत्र आधी देणाऱ्याच्या उरलेल्या जमिनीतून जाते आणि ती पुरली नाही तरच घेणाऱ्याच्या जमिनीला हात लागतो. आपल्याला हा अन्याय वाटणे स्वाभाविक आहे, पण हा क्रम कायद्यानेच ठरवला आहे. बाप आणि मुलगा यांच्यातील दान त्यामुळे रद्द होत नाही. २ ऑक्टोबर १९७५ नंतर, मर्यादेपेक्षा जास्त जमीन हाती असताना, कलम ८ मोडून केलेल्या व्यवहाराची गोष्ट वेगळी. तेथे जमीन सरकारजमा होण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

आपला खरा मुद्दा दुसरा आहे, आणि तो सीलिंगच्या कायद्यात नसून हिंदू कायद्यात आहे : जमीन आजोबांची स्वकष्टार्जित होती की वडिलोपार्जित? स्वकष्टार्जित असेल तर ती कोणाला द्यायची हा त्यांचा अधिकार होता आणि तक्रारीला जागा उरत नाही. एकत्र कुटुंबाची असेल तर इतर सहदायादांच्या, म्हणजे त्या जमिनीत जन्मानेच हक्क असलेल्या कुटुंबीयांच्या, संमतीशिवाय एका मुलाला असे बक्षीस देता येत नाही. त्या आधारे दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावता येईल. परंतु आपल्याला हिस्सा नाकारला गेल्याचे समजल्यापासून बारा वर्षांची मुदत मोजली जाते, आणि इतकी वर्षे चुलत्यांचा स्वतंत्र कब्जा असल्याने समोरचा वकील पहिले बोट त्यावरच ठेवील. फेरफार कोणाच्या नावे झाला यावर फार विसंबू नये, कारण फेरफार नोंद महसुलासाठी असते, तिने मालकी ठरत नाही.

दावा लावण्यापूर्वी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून सीलिंग प्रकरणाची संपूर्ण नक्कल काढावी. नुसता निकाल पुरेसा नाही. आजोबांनी भरलेले विवरणपत्र आणि चौकशीत दिलेला जबाब त्यात असतो, व जमीन कशी मिळाली हे बहुधा तेथे त्यांच्याच तोंडून आलेले असते. आपल्या वडिलांचाही जबाब आहे का, हे आवर्जून पाहावे. चुलत्यांचा कब्जा वेगळा आहे असे त्यांनी त्यात मान्य केले असेल, तर मुदतीची गणना त्या दिवसापासून सुरू झाली असे म्हणण्यास चुलतभावांना लेखी पुरावा मिळेल.